बाळाला रगडून मालीश: हाडं खरंच बळकट होतात?

ओवी_
लेक साडेतीन महिन्यांची. मालीश रोज करते, पण "जरा जोर लाव, पाय ओढून सरळ कर, हाडं बळकट होतील" हे ऐकून कान किटलेत. काल पाय ओढले तर अशी कळवळली की तेलकट हातांनीच उचलून घेतलं. माझं मत: हाडांना मालिशीने काही होत नाही. पोटात घडी घालून राहिल्यामुळे पाय वाकलेले असतात, ते हळूहळू आपसूक सुटतात. मालीश म्हणजे स्पर्श, बस.

जुना_जाणता
साफ चूक. माझी दोन्ही मुलं रगडून मालीश करून वाढली, दहाव्या महिन्यात चालायला लागली. आणि नुसताच स्पर्श म्हणता, तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांचा १९८६ सालचा प्रयोग बघा. अपुऱ्या दिवसांची बाळं, दिवसातून तीनदा १५ मिनिटं मालीश, दहा दिवस. त्यांचं वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं.

ओवी_
काका, ते वजन. मी हाडांबद्दल बोलतेय.

जुना_जाणता
त्या १५ मिनिटांतली मधली पाच मिनिटं हातपाय दुमडून-उलगडून घेण्याचीच होती. ते कुठे गेलं?

फिजिओ_मी
काकांचा हा मुद्दा बरोबर आहे, ओवी. पण दुमडणं वेगळं आणि ओढणं वेगळं! या वयात खुब्याची खोबण बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते. गुडघे जुळवून पाय ताणले की मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यातून बाहेर सरकू शकतो. त्यापेक्षा गुडघे पोटाकडे न्यायचे, थोडे फाकवायचे, सोडून द्यायचे. सायकल चालवल्यासारखं. बाळाने पाय ताठ केला की आपण थांबायचं. बोटं फाकली, तोंड फिरवलं, उचकी लागली, तरी थांबायचं.

दहाव्या महिन्याचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं साधारण ८ ते १७ महिन्यांच्या दरम्यान कधीही स्वतःहून चालली. तेव्हा श्रेय रगडण्याला कशाला?

खरा व्यायाम जमिनीवर होतो. बाळ जागं असताना पालथं घालायचं, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, आणि आपण समोर आडवं पडून डोळ्याला डोळा. रांगत नाही तोवर दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं, असं संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन सांगतं. झोपवताना मात्र उताणंच.

जुना_जाणता
पालथं घातलं की अर्ध्या मिनिटात भोकाड पसरतात. ३० मिनिटं म्हणे!

फिजिओ_मी
मग अर्धंच मिनिट. दिवसातून दहा-बारा वेळा. लंगोट बदलला की एकदा.

जुना_जाणता
पाय ओढू नका, हे मान्य. रगडण्याचं नाही.

ओवी_
आज गुंडाळी करून बघितली. अकरा सेकंद मान वर, मग नाक टॉवेलात. रडली नाही, फक्त टॉवेल चोखत बसली.