सातव्या महिन्यात प्राणायाम चालतो का? धाप लागते खूप

अबोली_सातारा:
सातवा चालू आहे, पहिलंच. एक जिना चढला की धाप लागते आणि रात्री पाठीवर पडलं की जास्तच. आधी रोज कपालभाती, अनुलोम-विलोम करायचे पण दिवस गेल्यापासून सगळं बंद. आत्या म्हणते कर गं काही होत नाही, सासूबाई म्हणतात श्वास कोंडला की बाळाला त्रास. कोणाचं ऐकू?

योगवाली_मावशी:
कपालभाती आणि भस्त्रिका बंदच ठेव, पोटाला झटके बसतात. अनुलोम-विलोम कर पण कुंभक नको, तेवढं सासूबाईंचं बरोबर आहे. 4 आकडे मोजत आत, 6 मोजत बाहेर, मध्ये रोखायचं नाही, नाही जमलं तर 3 मोजत आत, 4 मोजत बाहेर कर. खुर्चीत बस सरळ, मांडीचा हट्ट कशाला. झोपताना भ्रामरी पण छान, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणायचं, ओठ मिटलेले, दात मात्र सुटे. गरगरलं की तिथंच थांबायचं.

दोन_पोरांची_आई:
थोडी धाप नॉर्मल आहे गं, प्रोजेस्टेरॉन वाढतं म्हणून श्वासच खोल होतो, त्यात पोट वर सरकून छातीखालचा पडदा दाबतं. पण हिमोग्लोबिन बघितलंस का? 11 च्या खाली असेल तर कितीही प्राणायाम कर, लोहाची गोळी लागणारच, आणि ती चहासोबत नको. झोपायचं कुशीवर, पाठीवर झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर इथं विचारत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

केतकी:
कळांसाठी पण आत्ताच सवय कर. कळ आली की आपण भराभर श्वास घेतो, मग कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या, ओठ बधीर, आणि घाबरून अजून भराभर. आमच्या सिस्टर एकच घोकायच्या, "आधी सोडा ताई, घेणं आपोआप होतंय." लांब फुंकर, खांदे खाली. नवऱ्यालाही शिकव, आयत्या वेळी आपल्याला काही आठवत नाही.

अबोली_सातारा:
थँक्यू सगळ्यांना 🙏 एचबी मागच्या वेळी 10.2 होतं, गोळी चालू आहे, सोमवारी परत तपासणी आहे तेव्हा धापेचं पण सांगते. केतकी, फुंकर तोंडानेच ना?

केतकी:
हो, नाकाने घे, तोंडाने सोड. जबडा ढिला ठेव, दात आवळले की खालचं अंगही आवळतं असं सिस्टर म्हणायच्या.