मारुती ८०० (कार्ब्युरेटर) गरम झाली की बंद पडते, थंड झाली की सुरू

घाटवाट:
गाडी १९९३ची, पॉइंटवाली (ठिणगीसाठी वीज जोडतोड करणारे संपर्क असलेली). सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू होते. २०-२५ मिनिटं चालली की सिग्नलला किंवा चढावर बंद पडते आणि मग कितीही सेल्फ मारा, पकडत नाही. पाव तास थांबलं की पहिल्यासारखी. तापमानाचा काटा मध्यावर, पंखा वेळेवर लागतो. प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी ठीक झालेली असते. कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवते ती) बदलून बघू का?

दहाचा पाना:
आत्ता काहीच बदलू नका. दोष सापडतो तो त्या बंद पडलेल्या पाव तासातच, त्यामुळे गाडीत एक जुना प्लग, जोडवायर आणि प्लगचा पाना ठेवा. बंद पडली की लगेच दोन गोष्टी बघायच्या.

आधी करंट, म्हणजे प्लगला ठिणगी येते का. एका प्लगची केबल काढून जुन्या प्लगला लावा. प्लगची धातूची बाजू जोडवायरने इंजिनाला पक्की बांधा. हातात धरू नका आणि कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा. सेल्फ मारायला लावा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळसर, मरतुकडी किंवा अजिबात नसेल तर दोष इग्निशनमध्ये.

मग केबल परत जागेवर लावून, इग्निशन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा. कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत हाताने रेस द्या. आत बारीक पिचकारी उडाली तर फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे. कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही.

कॉइलवाला:
करंट नसेल तरीही कॉइलच्या आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, त्यांना जळण्यापासून वाचवणारा छोटा भाग) बघा. स्वस्त आहे आणि गरम झाल्यावर दगा देणारा हाच जास्त. पॉइंट काळेनिळे जळालेले दिसले तर संशय पक्का. पॉइंट नवे टाकले तर कंडेन्सरही टाकाच आणि गॅप फीलर गेजने (मोजक्या जाडीच्या पट्टीने) लावा, नजरेने नको.

कॉइलसाठी सोपी परीक्षा: तारा, टर्मिनल कोरडे ठेवून कॉइलच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळा. पाच मिनिटांत करंट परत आला तर आतली वाइंडिंग तापल्यावर तुटते आहे. थंड कॉइल मल्टिमीटरवर ठीकच दिसते, म्हणून माप गरम असताना घ्या. आणि इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून बसू नका; पॉइंट मिटलेले राहिले तर चांगली कॉइलही तापून जाते.

घाटवाट:
आज परत बंद पडली. ठिणगी निळी, जोरदार. रेस दिली तर कार्ब्युरेटर कोरडा. टाकीचं झाकण उघडून बघितलं, फरक नाही.

दहाचा पाना:
मग कॉइलचे पैसे वाचले. झाकण उघडताना हवा आत ओढली गेली असती तर झाकणाचं भोक बुजलंय म्हणता आलं असतं. बाहेर फुस्स येणं मात्र उन्हात नेहमीचं.

आता पेट्रोल खेचणारा पंप. तो इंजिनाच्या हेडला चिकटून बसतो, त्यामुळे उष्णता थेट खातो. पंप आणि हेड यांच्यामधलं जाड इन्सुलेटर पॅकिंग जागेवर आहे का? बऱ्याच वेळा पंप बदलताना ते फेकून नुसता पातळ कागद टाकतात. मग पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पंप वाफ उपसत बसतो. पंपाची तिसरी नळी, म्हणजे टाकीकडे परत जाणारी, काढून फुंकून बघा. ती याच वाफेला वाट द्यायला आहे. बुजली की वाफ अडकलीच.

टाकीकडून पंपापर्यंतचे रबरी पाइपही बघा. या बाजूला पेट्रोल खेचलं जातं, त्यामुळे भेग असली तरी गळत नाही, हवा घेते. पारदर्शक फिल्टरमध्ये बुडबुडे दिसतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर मऊ पडतं, आतून सुटतं. इथेनॉल चालणारेच पाइप घ्या आणि क्लिपही नव्या लावा.

शेवटी धार: ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची प्रायमरी (बारीक) वायर काढा, कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोडा, सेल्फ मारा. इंजिन गरम असताना ठोके देत जाड धार यायला हवी. पाइप आणि पॅकिंग ठीक असूनही थेंब-थेंब आलं तर पंपातला डायफ्राम (पडदा) किंवा वॉल्व्ह गेला, पंप बदला.

चोकपुल:
एक राहिलं. रेस धरून ठेवल्यावर चालते आणि पाय काढला की बंद, असं कधी होत असेल तर आयडलचा सोलेनॉइड (रेस न देता इंजिन चालताना पेट्रोल सोडणारा विजेचा वॉल्व्ह) बघा. चावी फिरवल्यावर टक् आवाज यायला हवा, तोही गरम असताना.

घाटवाट:
नाही, रेस धरली तरी बंदच. पॅकिंग बघितलं: नुसता कागद आहे.