मदत हवी आहे: गावातला मांडव, भरदुपारचं लग्न, फोटोवाला कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं साक्षगंध झालं. लग्न मे महिन्यात, दारव्हा तालुक्यात आमच्या गावीच. लॉन नाही, घरासमोर मांडव. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, म्हणजे पारा 44 धरूनच चाला.

दोन भाव आलेत. तालुक्याचा ओळखीचा फोटोवाला 35 हजारांत फोटो, व्हिडिओ आणि 40 पानी करिझ्मा अल्बम (फोटो थेट पानांवरच छापलेला) देतो. नागपूरची कॅन्डिड टीम (पोझ न देता, नकळत फोटो टिपणारी) 90 हजार मागते, वर चार जणांची राहायची सोय आपली. बाबा म्हणतात, सोयाबीनचे पैसे फोटोत घालायचे का? त्यांचंही खरंच आहे.

पण 2018 ला थोरल्या ताईच्या लग्नात हात पोळलेत. स्वस्तातला पोरगा घेतला. मांडवाला लाल कापड, वरून ऊन, सगळ्यांचे चेहरे कापलेल्या टरबुजासारखे. ऐन अक्षतांच्या वेळी वराकडचा व्हिडिओवाला आडवा आला. ताईच्या मागं उभ्या असलेल्या मामांचा अल्बममध्ये फक्त फेटा दिसतो. मामा अजून दर दिवाळीला विषय काढतात. हळदीचा तर एकही फोटो नाही. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड उडालं म्हणाला, संपलं.

इन्स्टावर सगळ्यांचेच फोटो चांगले. एकाच लग्नाचे सगळेच्या सगळे दाखव म्हटलं तर दाखवतात का? तालुक्यावाला नुसतं 'दादा, विश्वास ठेवा' म्हणतो. फोटो एकाच वेळी दोन कार्डांत जातात असा कॅमेरा आहे का, हे विचारलं तर राग येईल का? आणि पांढरं कापड लावलं तर चेहऱ्यांचा रंग सुधरेल? मांडववाला मळतं म्हणून नाही म्हणतो. (ड्रोन मी आधीच कापलाय, अंगणावरून विजेची तार गेली आहे.)

प्रतिसाद:

भाऊ, कायले नागपूरले जाता? तालुक्यावालाच घ्या, पण त्याचा दुपारच्या मांडवातला अल्बम पाहा, लॉनवरचा रातच्या लायटीतला नाही. पांढरा कपडा फक्त बोहल्याच्या वरती अन् आजूबाजूले लावला तरी भागते, बाकी मांडव लाल राहू द्या. फ्लॅशच्या भरवशावर राहू नका, समोरची नवरी उजळते अन् मागचा मामा लालच राह्यते. कार्डाचं बिनधास्त विचारा, राग आला त त्याले सोडा. थोडे पैसे पेनड्राइव्ह हातात आल्यावरच देजा. अन् वराकडच्या व्हिडिओवाल्याले आदल्या दिवशीच फोन करून कोण कुठं उभं राहीन ते ठरवून घ्या.