जानेवारीत कांदा घेऊन श्रीनगरला जायचंय, बर्फात कधी गाडी चालवली नाही, सल्ला हवाय

पिंपळगावची_दहाचाकी
नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतचा, १४ वर्षं झाली स्टिअरिंगवर, दहाचाकी स्वतःची आहे, बीएस-६. कसारा, चांदवड सगळे घाट रात्री-अपरात्री केलेत, दिल्ली-लुधियानापर्यंत लाईन नेहमीची, पण जम्मूच्या वर कधी गेलो नाही आणि बर्फ डोळ्यांनी बघितलेला नाही. आता एका व्यापाऱ्यानं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीनगरचं भाडं विचारलंय, जाताना कांदा आणि येताना तिकडच्या कोल्ड स्टोअरचं सफरचंद वाशी मार्केटला. भाडं बरं आहे, हप्त्याचंही टेन्शन कमी होईल. पण सोबत पुतण्या येतोय क्लीनर म्हणून, २० वर्षांचा पोर आहे, त्याच्या आईला मी शब्द दिलाय म्हणून विचारतोय. चेन कुठली घ्यायची, टायर बदलू का, डिझेल गोठतं म्हणतात ते खरं का? जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी सांगा प्लीज.

उत्तरेची_लाईन
दादा मी सहा हिवाळे केलेत त्या रोडवर, सगळं सांगतो, लांब होईल पण वाचा.

पहिलं म्हणजे तुम्ही जाताय ते नेमके चिल्लई कलानमध्ये. तिकडे २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याची थंडी धरतात, तिला हे नाव आहे. त्या दिवसांत बर्फ पडला की रोड बंद होतो, आणि बर्फ नाही पडला तरी पहाटे रस्त्यावर पाणी गोठलेलं असतं.

उधमपूरपर्यंत तुम्हाला काही वाटणार नाही. त्याच्या पुढे चेनानी-नाशरी बोगदा, सव्वानऊ किलोमीटरचा, २०१७ ला सुरू झाला, त्यामुळे पटनीटॉपचा बर्फ आता चढावा लागत नाही. मग रामबन ते बनिहाल. इथे बर्फापेक्षा वरून दगड येतात, पाऊस-बर्फ झाला की डोंगर सुटतो, तिथे चहाला किंवा फोटोला थांबायचं नाही, जिथे थांबवतील तिथेच थांबायचं. आणि मग बनिहाल-काझीगुंडचा बोगदा, साडेआठ किलोमीटर, २०२१ ला सुरू झालेला. नवीन माणूस फसतो तो इथे, नीट ऐका. बनिहालच्या बाजूला ऊन असतं, रस्ता कोरडा, आत बोगद्यात तर एकदम मस्त कोरडा रस्ता आणि लाईट, पाय आपोआप दाबला जातो, आणि पलीकडे तोंडातून बाहेर पडलं की काझीगुंडच्या बाजूला धुकं आणि खाली कडक बर्फ. मी पहिल्या वर्षी असाच बाहेर आलो ४५ च्या स्पीडने, समोर टेम्पो आडवा, ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबायच्या ऐवजी मागून फिरायला लागली. कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात तोंड घुसलं म्हणून वाचलो. तेव्हापासून बोगदा संपायच्या एक किलोमीटर आधीच मी २० वर आणतो आणि छोट्या गिअरमध्ये बाहेर पडतो, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

बर्फावर गाडी ब्रेकने थांबत नाही दादा, हे आधी डोक्यात घाला. कोरड्यात जेवढ्या अंतरात थांबते त्याच्या दहापट लागू शकतं. एबीएस असलं तरी ते फक्त चाक लॉक होऊ देत नाही, बर्फाची पकड नाही वाढवत.

चाकणचा_मेकॅनिक
वरच्या भाऊंनी ड्रायव्हिंगचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो कारण बिघाड झाला की बर्फात उभं राहावं लागतं आणि ते जास्त वाईट.

कूलंट. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी कमी झालं की ढाब्यावरचं साधं पाणी ओततात, वर्षभरात कूलंट नावालाच राहतं. ते पाणी रात्री गोठलं की फुगतं आणि रेडिएटर नाहीतर ब्लॉकच फोडतं. निघायच्या आधी सगळं काढून नवीन भरा, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, ते उणे ३५ च्याही खाली टिकतं. वाटेत टॉपअप करायचं तर तेच मिश्रण कॅनमध्ये न्या.

ब्रेकच्या हवेच्या टाक्या. आपले ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर हवेबरोबर बाष्प पण ओढतो, ते टाकीत पाणी होऊन साचतं, आपल्याकडे कुणाला त्याचा त्रास नाही. तिकडे ते पाणी व्हॉल्व्हमध्ये जाऊन गोठलं की ब्रेक लागत नाही किंवा लागला तर सुटत नाही. एअर ड्रायरचं कार्ट्रिज जुनं असेल तर बदला आणि रोज संध्याकाळी सगळ्या टाक्यांचं पाणी काढा, हे पुतण्याला शिकवा, त्याचं रोजचं काम.

डिझेल गोठतं हे खरंच आहे. त्यात मेण असतं, थंडीत ते वेगळं होतं आणि फिल्टर चोक होतो, गाडी चालू होते आणि पाच मिनिटात बंद पडते. आपल्या पंपावरचं डिझेल आपल्या हवेच्या हिशोबाचं असतं, म्हणून इथून फुल टाकी करून तीच वरपर्यंत नेऊ नका, टाकी खाली होत आलेली असताना उधमपूरला किंवा त्याच्या पुढे भरा, पंपावर विचारून. लडाखसाठी तर २०१९ पासून इंडियन ऑईलचं वेगळं विंटर डिझेल आहे, उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं. वॉटर सेपरेटरमधलं पाणीही काढत जा. डिझेल फिल्टर एक जादा ठेवा.

आणि बीएस-६ आहे तर युरियाचं पण लक्षात ठेवा, डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं ते युरियाचं पाणी, उणे ११ ला गोठतं. गाडीत ते वितळवायची सोय असते म्हणून घाबरू नका, पण टाकी काठोकाठ भरू नका, गोठताना फुगायला जागा पाहिजे.

जुना_गाडीवान
आम्ही तर सरळ डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचो आणि टाकीखाली टेंभा लावायचो. काही होत नाही.

चाकणचा_मेकॅनिक
काका तुमच्या वेळच्या पंपाला चालायचं ते. आताच्या कॉमन रेल इंजिनला रॉकेलने वंगण मिळत नाही, इंजेक्टर आणि हायप्रेशर पंप जातो, एका ट्रिपचं भाडं सोडा पाच ट्रिपचं जाईल. आणि टेंभ्याचं तर नकोच, टाकी आहे, पाईप आता प्लास्टिकचे आहेत, हात जोडतो. फिल्टर गोठला तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, वेळ लागतो पण सुटतो.

जुना_गाडीवान
बरोबर आहे बाबा, नवीन गाड्यांचं मला माहीत नाही. पण एक माझं ऐका. उभी करताना तोंड पूर्वेला ठेवा, सकाळचं पहिलं ऊन रेडिएटरवर येतं. आणि ओल्या रस्त्यावरून आलात तर हँडब्रेक लावून रात्रभर उभी करू नका, लायनर ड्रमला चिकटून गोठतात, सकाळी चाक फिरतच नाही. सपाट जागा बघा, गिअरमध्ये टाका आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे. वायपर उभे करून ठेवा. काचेवर उकळतं पाणी कधीच नाही टाकायचं, तडकते.

पिंपळगावची_दहाचाकी
खूप खूप आभार सगळ्यांचे. कूलंटचं तर डोक्यातच नव्हतं, माझ्या गाडीत खरंच साधं पाणी आहे. चेनचं सांगा ना कुणीतरी. दहाही चाकांना लागते का? आणि टायरची हवा कमी करावी म्हणजे पकड येते असं एकजण म्हणाला.

उत्तरेची_लाईन
हवा कमी करू नका, लोड गाडीला टायर तापून फुटतो, खालच्या रोडवर अजून दोन दिवस चालवायचंय ना. उलट थंडीने आपोआपच कमी होते, इथे तिशीच्या तापमानात १२० पीएसआय भरली असेल तर उणे पाचला १०५ च्या आसपास दाखवेल. वर गेल्यावर सकाळी थंड टायरला चेक करून भरून घ्या. रबर चढवलेले टायर हाऊसिंगला, म्हणजे गाडी ओढणाऱ्या एक्सलला, नकोत, चांगल्या नक्षीचे टाका.

चेन दहाही चाकांना नाही. तुमच्या दहाचाकीला मागे दोन एक्सल असले तरी ओढणारा बहुतेक एकच असतो, पुढचा, मागचा डमी. चेन त्या हाऊसिंगच्या चाकांना, बाहेरच्या टायरवर, दोन्ही बाजूंना. डमीला लावून काही लोक वर चढायला बघतात आणि मग म्हणतात चेनचा उपयोग नाही. टायरचा साईझ साईडवॉलवरून बघून त्याच साईझची घ्या, उधमपूर आणि काझीगुंडला मिळतात, पण तिथे बर्फ पडला की भाव वाढतो म्हणून आधीच घेतलेली बरी. आणि घरच्या अंगणात, कोरड्या जमिनीवर, काका-पुतण्या दोघांनी मिळून चार वेळा लावून-काढून बघा. तिकडे उणे चार मध्ये, हात बधिर, मागे लाईन लागलेली, तेव्हा पहिल्यांदा पिशवी उघडलीत तर रडकुंडीला याल. लावल्यावर अर्धा-एक किलोमीटर चालवून परत कसून घ्यायची, सैल राहिली की तुटून ब्रेकचा पाईप घेऊन जाते. चेनवर २५-३० च्या वर नाही. आणि रस्ता कोरडा लागला की लगेच काढा, नाहीतर चेन पण जाते आणि टायर पण.

एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी धरतो त्याचं, राहिलंच. सुक्या घाटात तो आपला आधार आहे, पण बर्फावर तो फक्त हाऊसिंगच्या चाकांना धरतो आणि मागचा भाग बाजूला सरकतो. बंद ठेवा, उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा-तिसरा गिअर टाकून सोडा. तरी मागून घसरायला लागलीच तर ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्हीवरचा पाय काढा, क्लच दाबा म्हणजे चाकं मोकळी फिरतात, आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग हळू फिरवा. न्यूट्रलमध्ये उतार उतरायची सवय असेल तर ती नाशिकलाच ठेवून या.

अल्बर्टाकर
मी मूळ कोल्हापूरचा, कॅनडात ट्रक चालवतो, इथून एक-दोन गोष्टी. सगळ्यात निसरडं कधी असतं माहितीये का, उणे वीसला नाही, शून्याच्या आसपास. तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. म्हणजे तुम्हाला दुपारी ऊन पडलं, बर्फ वितळला, आणि सूर्य डोंगराआड गेला की तास-दोन तासात तेच पाणी पारदर्शक बर्फ होतं, रस्ता फक्त ओला दिसतो. पूल आणि सावलीतली वळणं आधी गोठतात, पुलाला खालूनही थंड हवा लागते.

ओळखायचं कसं? पुढच्या गाडीच्या टायरमधून पाणी उडतंय का बघा. रस्ता ओला दिसतोय आणि पाणी उडायचं बंद झालं, म्हणजे खाली बर्फ. आणि तुमच्या आरशाच्या कडेला बर्फ धरायला लागला की रस्त्यावरही धरत असणार. इथे ब्रिटिश कोलंबियाच्या घाटात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल जड गाड्यांना चेन सोबत ठेवावीच लागते, मग आकाश कितीही निळं असू दे, आणि मला ते पटतं.

लासलगावची_अडत
दादा मालाचंही बघा. कांदा शून्याच्या जरासा खाली गेला की गोठतो आणि नंतर पिचपिचीत होतो, व्यापारी उतरवून घेत नाही. आपण गरमीसाठी बाजूने मोकळा ठेवतो तसं काझीगुंडला रात्री ठेवलं तर वरची आणि कडेची थप्पी गेली समजा. दोन ताडपत्र्या न्या, आतून जुनी पोती लावा, पण दिवसा ऊन असताना मागून थोडं उघडा, नाहीतर घाम धरून सडतो. आणि गोठलेल्या ताडपत्रीवर पोराला चढवू नका, काचेसारखी होते. व्यापाऱ्याशी आधीच बोलून घ्या की रोड बंद झाला तर उशिराचे पैसे कापायचे नाहीत, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्या. तारखेच्या दडपणानेच माणूस रात्री निघतो.

उत्तरेची_लाईन
ताईंचं शंभर टक्के. ट्रकना बऱ्याचदा एक दिवस वर, एक दिवस खाली असं सोडतात, त्यामुळे रोज ट्रॅफिक पोलिसांची सूचना बघूनच हलायचं. आणि आपलं प्रीपेड सिम लखनपूरच्या, म्हणजे जम्मू-काश्मीरच्या हद्दीच्या, पुढे चालत नाही, एक पोस्टपेड घ्या, नाहीतर घरचे काळजीत राहतील.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. अडकलात तर केबिनमध्ये शेगडी किंवा कोळसे पेटवून काचा बंद करून झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी गॅसला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. शेजारच्या गाडीतली दोन पोरं सकाळी दार वाजवलं तरी उघडेनात, आम्ही काच फोडून बाहेर काढली, एक वाचला. अजून ते दार डोळ्यासमोर येतं. इंजिन चालू ठेवून झोपतानाही सायलेन्सर बर्फात बुजलेला नाही ना बघा. जाड रजया, लोकरीचे मोजे दोन-दोन जोड, थर्मास, चार दिवसांचं खाणं, स्वयंपाकाचा गॅस बाहेर उतरून पेटवायचा. पुतण्याला हे आजच सांगा.

पिंपळगावची_दहाचाकी
सांगितलं, आणि वहिनींसमोरच सांगितलं. कूलंट बदललं, ड्रायर बदलला, चेन आणली. अंगणात पहिल्यांदा लावायला पाऊण तास लागला, काल चौथ्यांदा १५ मिनिटात झाली. व्यापाऱ्याने बिल्टीवर लिहून दिलं.

पिंपळगावची_दहाचाकी
काझीगुंडहून लिहितोय. बोगद्यातून १८ च्या स्पीडने बाहेर पडलो, बाहेर खरंच पांढरं होतं सगळं, पुतण्या दोन मिनिटं बोललाच नाही. श्रीनगरला माल उतरला, कडेच्या सात-आठ गोण्या गेल्या बाकी ठीक. सफरचंद भरून परत इथे आलो तर काल रात्रीपासून बर्फ पडतोय, रोड बंद, मागे-पुढे सगळे ट्रकच ट्रक. पोरगा आत्ता टाक्यांचं पाणी काढतोय.

उत्तरेची_लाईन
थांबा तिथेच. कुणी वरच्या जुन्या जवाहर बोगद्याने काढतो म्हणाला तरी जाऊ नका. जेवण आहे ना?

पिंपळगावची_दहाचाकी
आहे. भाकरी संपल्या, शेजारच्या पंजाबी गाडीवाल्याने पराठे दिले, आम्ही त्याला शेंगदाण्याची चटणी. परवा सोडतील म्हणतात.