व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरच्या दोन खिडक्या एकाच वेळी कशा उघडायच्या?

प्रश्न
मी मुलांना टेबल टेनिस शिकवते. एकाच फटक्याचं चित्रण दोन फोनवर करते, एक समोरून आणि एक बाजूने. मनगट समोरून नीट दिसतं, कंबर बाजूने. दोन्ही शेजारी शेजारी चालले तरच मुलांना चूक पटते, नुसतं सांगून काही होत नाही. पण विंडोजवर दुसऱ्या फाइलवर डबल क्लिक केलं की पहिली जाते आणि त्याच खिडकीत दुसरी लागते.

उत्तर १
व्हीएलसीत कंट्रोल आणि पी दाबा, सेटिंग्ज उघडतील. इंटरफेसच्या पानावर ‘अलाउ ओन्ली वन इन्स्टन्स’ आणि ‘यूज ओन्ली वन इन्स्टन्स व्हेन स्टार्टेड फ्रॉम फाइल मॅनेजर’ असे दोन पर्याय आहेत. दोन्हींची खूण काढा, सेव्ह करा, व्हीएलसी बंद करून परत उघडा. पहिलीच खूण काढून अडू नका, डबल क्लिकसाठी दुसरी महत्त्वाची. एका खिडकीचा आवाज एम दाबून बंद ठेवा, नाहीतर दोन्हींचा कालवा होतो.

प्रश्नकर्ती
उघडल्या दोन्ही! पण स्पेस दाबली की समोर असलेली एकच थांबते. मी दोन्ही हातांनी कितीही जुळवलं तरी थोडा फरक उरतोच.

उत्तर २
उरणारच, ताई. प्रत्येक खिडकी म्हणजे वेगळा प्रोग्राम, त्याचं घड्याळ वेगळं. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची, तेवढं हाताने साधत नाही. त्यापेक्षा एफएफएमपेग या व्हिडिओवर काम करणाऱ्या प्रोग्रामच्या ‘एचस्टॅक’ फिल्टरने दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी जोडून एकच फाइल करा. दोन्हींची उंची सारखी लागते. जोडण्याआधी दोन्हींत चेंडू टेबलावर आपटल्याचा आवाज शोधा आणि तिथपासून कापा. फोन बऱ्याचदा मध्येच फ्रेमचा वेग बदलतात, म्हणून जोडताना दोन्हींना एकच ठरावीक वेग द्या. मग ती फाइल व्हीएलसीत लावून ई दाबत एकेक फ्रेम पुढे न्या.

प्रश्नकर्ती
अर्धा दिवस गेला, पण जमलं. आज एका मुलाला दाखवलं. चेंडू बॅटला लागायच्या 3 फ्रेम आधी त्याचं मनगट वळलेलं होतं आणि कंबर अजून जागच्या जागी. महिनाभर मी त्याला हेच सांगत होते. तो म्हणाला, “परत लावा ना.” आम्ही 6 वेळा पाहिलं.