कचरावेचक बायकांच्या गटाची नोंदणी कशात करावी? अर्जंट

मृण्मयी_क
आमच्या भागात सोसायट्यांमधून सुका कचरा उचलणाऱ्या बायकांना नवीन घंटागाडीवाल्या ठेकेदाराची माणसं गेटवरच अडवतायत. कित्येक वर्षं याच बायका पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या वेगळ्या करून नेतात, त्यावरच त्यांची घरं चालतात. ऑफिसात गेलो तर संस्था आहे का, नोंदणीचा कागद आणा, एवढंच. ट्रस्ट करू, सेक्शन 8 कंपनी (नफा वाटून न घेणारी, सामाजिक कामाची) करू की बचत गट? पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय, प्लीज पटकन सांगा.

भा_जोग
शहर कुठलं? बायका किती? ओळखपत्रं आहेत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

नितीन_सीए
सरळ सेक्शन 8. दोन डायरेक्टर पुरे, सगळं ऑनलाइन होतं. मग आयकर खात्याकडे सामाजिक संस्था म्हणून नोंदणी करा म्हणजे देणगीदाराला करसवलत. परदेशातून पैसे हवे असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी लागेल, पण त्याला संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे.

मृण्मयी_क
देणगी नकोच आहे हो, गेटवरून आत जाऊ द्या एवढंच म्हणणं आहे त्यांचं. बायका 14 आहेत, ओळखपत्रं कुणाकडेच नाहीत.

आशा_वस्तीकाम
ताई, कंपनीच्या भानगडीत पडू नका, मालक तुम्हीच व्हाल आणि बायका तशाच राहतील. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये झाली, ती वेचकांचीच युनियन. आधी ओळखपत्रं मिळवली, आणि पुढे 2008 पासून त्यांची 'स्वच्छ' सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेते, घरटी शुल्क बायकांना मिळतं आणि सुका माल विकून आलेले पैसेही त्यांचेच. सहकारीच करा.

नितीन_सीए
सहकारीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात, वर दरवर्षी ऑडिट, शिवाय निवडणुका. 'स्वच्छ'च्या मागे युनियनची इतकी वर्षं होती. आठवड्यात होणार आहे का हे?

आशा_वस्तीकाम
आठवड्यात कंपनी तरी कुठे होतेय, आणि झाली तरी बायकांना काय उपयोग? तुमचं सगळं देणगीदारांसाठीच.

हिरवी_गच्ची
ओल्या कचऱ्याचं काय करता? आम्ही गच्चीवर ड्रममध्ये खत करतो, कोकोपीट घातलं की अजिबात वास येत नाही. प्रत्येक सोसायटीने केलं तर घंटागाडीच नको.

मृण्मयी_क
ओल्याचा प्रश्नच नाहीये. सासू-सून दोघी गटात आहेत त्या चालतात का सहकारीला?

भा_जोग
ते सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या ऑफिसात विचारा. पण शहर अजून नाही सांगितलंत.

मृण्मयी_क
पुण्याजवळ. महापालिका नाही, नगरपरिषद आहे.

भा_जोग
हे आधी सांगायचं. मग नोंदणीच्या मागे आत्ता धावू नका. घनकचरा व्यवस्थापन नियम काढा. 2016 च्या नियमांत नियम 15 मध्ये वेचकांच्या संघटनांना मान्यता, बचत गट करायला मदत, ओळखपत्रं हे सगळं स्थानिक संस्थेचं काम म्हणून लिहिलं होतं, आणि नगरपरिषदही त्यातच येत होती; एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत, त्यातलं कलम बघून घ्या. म्हणजे ते तुमच्याकडे जो कागद मागतायत तो होण्यासाठी त्यांनीच हातभार लावायचाय! मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज, 14 जणींची नावं, फोटो, आधार. सोसायट्यांचं लेटरहेडवर पत्र घ्या की सुका कचरा आम्ही याच बायकांना देतो. भंगारवाल्याच्या पावत्याही जोडा, तारीख आणि किलो दिसले की काम जुनं आहे हे दिसतं.

मृण्मयी_क
पावती कसली, तो जुन्या कॅलेंडरच्या मागे पेनने आकडे लिहून देतो, पुठ्ठा इतका, पेट (प्लास्टिकच्या बाटल्या) इतकं. बायकांनी ते कागद डब्यात ठेवलेत.

आशा_वस्तीकाम
तेच जोडा, झेरॉक्स काढून. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. आणि बचत गट आत्ताच सुरू करा, दहा जणी पुरे, खातं आणि ठरावाची वही झाली की दाखवायला काहीतरी होईल.

मृण्मयी_क
अर्ज घेतलाच नाही तर? मागे तोंडीच परत पाठवलं होतं.

भा_जोग
आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नाही म्हणाले तर स्पीड पोस्ट. त्याच दिवशी माहिती अधिकारात ठेकेदाराच्या करारनाम्याची प्रत मागा, सुका माल त्याचाच असं त्यात लिहिलंय का ते बघायला हवं. उत्तराला 30 दिवस लागतात म्हणून आत्ताच टाका.