नाटक धरून दिवस आखा
पुण्याहून दोघंच येताय आणि एका दिवसात मुंबई व नाटक दोन्ही जमेल का, असं विचारलंय. नक्की जमेल, फक्त ठिकाणं कमी ठेवा. आम्ही सीएसएमटीला उतरलो की आधी रस्ता ओलांडून ती इमारतच डोळे भरून बघतो. १८८८ साली पूर्ण झालेली वास्तू, फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. बायकोचा जीव त्या वाघावर! तिथून काळा घोडा, गेटवे पायीच.

दुपारनंतर नवं काही काढू नका, सरळ दादर गाठा. शिवाजी मंदिर नाट्यगृह प्लाझा सिनेमासमोरच आहे. तिसरी घंटा होऊन अंधार झाला की तिचा हात आपसूक माझ्या हातावर येतो, लग्नाला २२ वर्षं झाली तरी. मध्यंतरात गरम बटाटेवडा खाच. आणि परतीची गाडी उशिराची घ्या, शेवटचा प्रवेश घड्याळाकडे बघत बघू नका.